घर बांधताना माल आपण आणायचा की मिस्त्रीवर सोडायचा?

दिवाळी झाली की गावोगाव बांधकामं निघतात. मिस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला, "मजुरीनं देताय की मालासकट?" मालासकट दिलं की डोक्याला ताप नाही, असं वाटतं. मीही ओसरीचा स्लॅब तसाच दिला होता. दुसऱ्या पावसाळ्यात गळायला लागला. मिस्त्री म्हणाला, 24 पोती सिमेंट टाकलंय. मोजली होती कुणी? माझ्याकडं ना बिल, ना चिठ्ठी.

म्हणून सिमेंट, सळई, वाळू, खडी आपणच आणावी, असं माझं मत झालंय. सिमेंटच्या पोत्यावर कितव्या आठवड्यातलं, कोणत्या सालातलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांवरचं पोतं स्लॅबला घेऊ नका. सळई वजनावर तपासा. 12 एमएमची 12 मीटर लांब सळई साडेदहा किलोच्या आसपास भरते, 8 एमएमची पावणेपाच. फारच हलकी लागली तर परत करा. वाळूची ट्रॉली टेपनं मोजा. 100 घनफूट म्हणजे एक ब्रास. 10 फूट लांब, 6 फूट रुंद ट्रॉली दीड फूट भरली तर 90 घनफूटच होतात, पैसे मात्र ब्रासचे जातात.

पण माल आपला म्हटलं की जबाबदारीही आपलीच. वाळू वेळेवर आली नाही तर गवंडी बसून राहतो अन् हजेरी चालू राहते. काम बिघडलं तर "माल तुमचाच होता" हे ऐकावं लागतं. त्यामुळं मालाची यादी मिस्त्रीकडूनच लिहून घ्या, माल उतरल्यावर त्याला दाखवा आणि शिल्लक पोती परत घेणार का, हे दुकानदाराला आधीच विचारा.

नळफिटिंगचं मात्र उलटं. एल्बो, टी, सोल्युशन, एक ना दहा वस्तू. आपण आणलं तर दिवसातून चार चकरा होतात. ते प्लंबरनंच आणावं, फक्त कंपनी कोणती ते आधी ठरवा आणि पक्कं बिल मागा.

घरकुलवाल्यांनी जास्त जपावं. सपाट भागात प्रधानमंत्री आवास योजनेचे 1 लाख 20 हजार हप्त्यानं येतात, तेही काम पुढं सरकेल तसे. नियमानं ठेकेदार लावताच येत नाही, लाभार्थ्यानंच बांधून घ्यायचं असतं. तरी कित्येक जण हप्ता आला की सगळा मिस्त्रीच्या हातात ठेवतात.

माझ्या ओसरीवर आता कोबा करायचाय. नव्या मिस्त्रीनं यादी लिहून दिलीय. सिमेंटचे भाव काढायला उद्या तालुक्याला जातोय.