मिळून रंगवायचा दिवस

सुरतेच्या वेसू, पाल, पिपलोद, अडाजण या भागांत वाढदिवस, डोहाळजेवण किंवा किटी पार्टीच्या आमंत्रणात हल्ली 'वर्कशॉप' हा शब्द दिसू लागला आहे. कॅफेतल्या लांब टेबलाभोवती दहा-पंधरा जणी बसतात. प्रत्येकीपुढे एमडीएफची गोल पाटी, मळलेल्या मातीचा गोळा, फेव्हिकॉल आणि आरशाच्या टिकल्यांची पुडी. शिकवणारी मुलगी पाटीवर वर्तुळं आखून देते. मग मातीच्या बारीक वळ्या करून त्या रेघांवर बसवायच्या, मधल्या जागेत आरसे दाबायचे आणि वर पांढरा रंग द्यायचा. दोन-अडीच तासांत लिप्पनची, म्हणजे कच्छच्या माती-आरशांच्या कामाची, तबकडी तयार. कुठे रेझिनचे ट्रे असतात, कुठे चाकावरची माती, कुठे नुसता कॅनव्हास.

पार्टी म्हणून चित्र काढायचा आजचा साचा अमेरिकेतून आला. कतरिना वादळाने २००५ मध्ये लुइझियानाचा किनारा उद्ध्वस्त केला. त्यानंतर दोन वर्षांनी कॅथी डीनो आणि रेने मलोनी या दोघींनी तिथे 'पेंटिंग विथ अ ट्विस्ट' सुरू केलं. एका हातात कुंचला, दुसऱ्या हातात वाइनचा पेला आणि समोर सगळ्यांना एकच चित्र. पुढे त्याच्या शाखा अमेरिकेत सर्वत्र पसरल्या. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे वाइनची जागा सुरतेत थंडगार कोकोने घेतली, आणि माझ्या मते त्याने काहीही बिघडलं नाही.

या पार्ट्यांना 'पैसेवाल्यांचा टाइमपास' म्हणून झटकून टाकणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. गिरिजा कैमल या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेल्या संशोधक. अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात त्यांनी ३९ प्रौढांना पाऊण तास माती, कोलाज, मार्कर यांतलं हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते उतरलेलं आढळलं, आणि पूर्वी चित्रं काढलेली असोत वा नसोत, त्याने फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण शाळा सुटल्यापासून ज्यांच्या हातात रंग आला नाही अशा बायकांकडे दोन तास कुणी काही मागत नाही, ही गोष्ट साधी नाही. आपल्याकडे या पार्ट्यांच्या आधीही हॉबी क्लासेस होतेच. फेव्हिक्रिलच्या बाटल्या घेऊन फॅब्रिक पेंटिंग, ग्लास पेंटिंग शिकवणाऱ्या कितीतरी जणींनी दुपारच्या वेळात घरच्या हॉलमध्ये वर्ग चालवले. आजच्या पार्ट्यांची खरी आई हे वर्गच, असं मला वाटतं.

त्याच्याही मागे गेलं तर वाट थेट खानदेशात जाते. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगावची कितीतरी कुटुंबं कापडाच्या धंद्यामागे सुरतेला आली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली इथे राहिली. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा त्यांच्याच मुलांच्या. ही मंडळी आपले सणही घेऊन आली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, मळवट, दागिने घालून देवी घडवायची, केळीचे खांब बांधून चौरंग सजवायचा, रोट करायचे, हे सगळं भाऊबंदकीतल्या बायका मिळून करतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन होतं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई. मातीच्या गुलाबाई-गुलोजींपुढे मुली टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, घरोघर फिरतात आणि झाकलेला खाऊ ओळखतात. वेगळी शिकवणी नाही, थोरल्यांचं बघून धाकट्या शिकतात.

मिळून रंगवायची अशीच रीत जवळपासही आहे. सुरतेहून मुंबईकडे निघालं की वलसाड, वापी ओलांडून डहाणू लागतं. तिथल्या वारली घरात लग्न असलं की भिंत शेण-गेरूने सारवून सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. कुंचला म्हणजे चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकटीच्या मध्ये पालघाट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणं म्हणून विधी चालवते. चौकाशिवाय लग्न पुरं होत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात फिरले, त्यांनी हे काम कागदावर आणण्यासाठी पाठबळ दिलं, आणि गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे पुढे २०११ मध्ये पद्मश्री झाले. मशे यांच्यापासून पुरुषांनीही कुंचला उचलला. त्याआधी भिंत बायकांचीच होती.

इथे एक फरक मला सतत जाणवतो. चौक अनेक जणींचा असतो, पण एकच असतो. एकीची रेघ वाकडी गेली तर शेजारची तिच्यावर झाड काढू शकते. कॅफेत पंधरा जणी एकाच नमुन्याच्या पंधरा पाट्या करतात आणि शेवटी शेजारणीची पाटी बघून आपली कमी वाटायला लागते. एकत्र बसल्या खऱ्या, काम मात्र एकेकटीचं. एखाद्या गटाने एकच मोठा फळा घेऊन त्यावर सगळ्यांनी मिळून काम केलं तर? नेणार कुठे हा प्रश्न येईल, पण ज्यांचा वाढदिवस त्यांच्या घरी तो भिंतीवर लागेल, एवढं उत्तर पुरेसं आहे.

लिप्पनचं मूळही चौकासारखंच भिंतीवरचं. कच्छमधल्या बन्नीच्या भुंग्यांत, म्हणजे गोल मातीच्या घरांत, बायका माती आणि जनावरांचं शेण कालवून स्वतःच्या भिंतीवर हे काम करतात. आरसे असल्याने एका दिव्याचा उजेड घरभर पसरतो. मुतवा समाजातल्या बायका माणूस-प्राणी टाळून भूमितीचे आकार करतात, रबारींच्या भिंतीवर मोर, उंट, पाणी भरणारी बाई येते. वर्कशॉपमध्ये यातलं कुणी काही सांगत नाही. नमुना येतो, तो कुणाचा हे येत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती दूर करायला पाच मिनिटांचं बोलणं पुरेल.

आता सुरतेच्याच दुसऱ्या टोकाकडे बघावं. रिंग रोडच्या मार्केटमधून साड्यांची गाठोडी लिंबायत, उधन्याच्या घरांत येतात. दारात किंवा ओट्यावर चार जणी बसून साडीवर खडे चिकटवतात, लेसपट्टी लावतात, धागे कापतात. मजुरी नगावर, आणि तीही मध्यस्थाच्या हातून. गप्पा, गाणी, मुलांवर लक्ष, सगळं त्या बैठकीत असतं. कॅफेतल्या बाईला आरसा सरळ बसवायला जी नजर लागते, ती या बायकांकडे वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेली आहे.

म्हणून सुरतेतल्या वर्कशॉपवाल्यांनी शिकवणारी बाहेरून शोधू नये. लिंबायतच्या एखाद्या बाईला टेबलाच्या डोक्याशी बसवावं, नगावर नाही तर शिक्षिकेच्या मानधनावर. ती खडा कसा धरायचा, गोंद किती घ्यायचा हे दाखवेल. श्रावण असेल तर कानबाईच्या नारळावर नथ कशी बसवायची तेही दाखवेल, आणि कोजागिरीच्या सुमारास आमंत्रण दिलं तर गुलाबाईची गाणीही येतील. कोजागिरीच्या दुसऱ्याच दिवशी सुरत चांदनी पडवा साजरा करते, रस्तोरस्ती घारी या मिठाईची दुकानं लागतात. दोन्ही सण एकाच टेबलावर बसवता येतील. त्यासाठी वर्कशॉपवाल्यांना फार काही बदलावं लागणार नाही. जागा तीच, कोको तोच, मानधनाचा आकडा तेवढा नव्याने ठरवायचा.