श्वानसाहाय्यित उपचार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, अपस्मार अशा मेंदूशी निगडित स्थिती असलेल्या मुलांच्या उपचारांत प्रशिक्षित कुत्र्याची मदत घेतली जाते, तिला श्वानसाहाय्यित उपचार म्हणतात. अमेरिकी बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये या विषयावर लेख लिहिला. त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याजवळ अबोल मुले मोकळी होतात, असे त्यांना आढळले होते. तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली, आणि तिच्याबरोबर अवास्तव अपेक्षाही पसरल्या.

सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे कुत्रा आजार बरा करतो. सेरेब्रल पाल्सीत वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच झालेली इजा कायमची असते. कुत्र्याच्या सहवासाने ती भरून येत नाही. मदत होते ती दुसऱ्याच जागी. ताठ झालेली मूठ उघडणे, मनगट वर उचलणे, तोल सांभाळून उभे राहणे या हालचाली मुलाला पुन्हा पुन्हा कराव्या लागतात, आणि मूल कंटाळते, रडते, हात आखडून घेते. तेच मूल कुत्र्याला बिस्किट द्यायचे म्हटले की मूठ उघडू पाहते. पाठीवर ब्रश फिरवताना हात लांब करते. चेंडू टाकताना खांदा हलवते. व्यायाम तोच असतो, पण तो करण्याची इच्छा मुलाच्या मनात उगवते. बोलायला कचरणाऱ्या मुलाला ‘बस’, ‘ये’ असे एका शब्दाचे हुकूम देता येतात आणि त्यांचे उत्तर लगेच मिळते. यातले काय, किती वेळा आणि कशासाठी करायचे, हे थेरपिस्ट ठरवतो आणि प्रगतीची नोंद ठेवतो. उपचार या नोंदीत आणि उद्दिष्टात आहे. कुत्रा त्याचा सहकारी आहे.

म्हणूनच घरी कुत्रा पाळला की काम झाले, हेही खरे नाही. पाळीव कुत्रा सोबत देतो, आणि ती मोलाचीच असते. एकाच अपंग व्यक्तीसाठी तयार केलेला मदतनीस कुत्रा वेगळा आणि हँडलरबरोबर सत्रापुरता येणारा थेरपी कुत्रा वेगळा. शाळेत कुत्रा आणून मुलांना त्याच्याशी खेळू देणे हा आनंदाचा उपक्रम असला, तरी उद्दिष्ट आणि मूल्यमापन नसेल तर त्याला उपचार म्हणता येत नाही.

लॅब्रॅडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हरच लागतो, हा समजही चुकीचा आहे. जात पाहण्यापेक्षा स्वभाव पाहावा लागतो. व्हीलचेअरचा खडखडाट, अचानक फुटलेली किंकाळी, घट्ट धरलेले केस हे सारे शांतपणे सोसणारा गावठी कुत्राही हे काम करू शकतो. मात्र तो सोसतो म्हणून त्याला ताण येत नाही, असे नाही. वारंवार जांभया, ओठ चाटणे, तोंड फिरवणे, शेपूट पायांत घेणे ही ताणाची लक्षणे आहेत. ती दिसताच सत्र थांबवायलाच हवे.

प्रत्येक कुत्र्याला आकडी आधीच कळते, असेही ऐकू येते. आकडी आल्यावर मुलाजवळ थांबायला किंवा घरच्यांना बोलवायला कुत्र्याला शिकवता येते. आधी सूचना देण्याची क्षमता मात्र भरवशाने शिकवता येते, असे सिद्ध झालेले नाही.

रेबीजची लस, जंतनाशक आणि नियमित पशुवैद्यकीय तपासणी असेल तर संसर्गाची भीती बरीच कमी होते. ॲलर्जीचे तसे नाही : पूर्णपणे ॲलर्जीमुक्त अशी कुत्र्याची जातच नाही. ॲलर्जी, तीव्र दमा किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्या मुलाबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. घाबरणाऱ्या मुलावर सक्ती तर मुळीच नको.

पुराव्याबाबत बोलायचे तर, स्वमग्न मुलांवरील प्राणीसाहाय्यित उपचारांच्या अभ्यासांचा आढावा मार्गरीट ओहेअर यांनी २०१३ मध्ये घेतला. निष्कर्ष आशादायक होते, पण बहुतेक अभ्यास लहान आणि पद्धतीच्या दृष्टीने कच्चे होते. त्यामुळे ही पद्धत पूरक म्हणूनच वापरावी. पालकांनी सत्र सुरू करण्यापूर्वी उद्दिष्ट कोण ठरवणार आणि प्रगती कशी मोजणार, हे विचारून घ्यावे. आणि कुत्रा आला म्हणून फिजिओथेरपी किंवा आकडीचे औषध एक दिवसही बंद करू नये.