कानातली खरखर : दोष कन्व्हर्टरचा की चार्जरचा?

बेंगळुरूतील एखाद्या नोकरदार घरात सकाळी नऊनंतर डोकावले, तर प्रत्येकाच्या कानात काही ना काही घातलेले दिसते. सूनबाईंची ऑफिसची मीटिंग, मुलाची शिकवणी आणि बेळगावहून राहायला आलेल्या सासूबाईंचे कीर्तन, सारे एकाच हॉलमध्ये सुखाने चालते. मात्र इयरफोन फोनला थेट लावायची सोय आता पुष्कळ फोनमध्ये राहिलेली नाही. २०१६ साली आयफोन ७ मधून इयरफोनचे गोल भोक गेले, पाठोपाठ इतर कंपन्यांनीही अनेक फोनमधून ते काढले आणि बोटभर लांबीचा यूएसबी कन्व्हर्टर घरोघरी आला.

या चिमुकल्या वस्तूच्या तक्रारी मुख्यतः दोन. एक तर खरखर येते, नाहीतर आवाज मोठा होत नाही. खरखर आली की आपण आवाज वाढवतो, आवाज कमी वाटला की नवा कन्व्हर्टर आणतो. पहिल्याने कानाला इजा होते, दुसऱ्याने खिशाला, आणि मूळ दोष बहुधा जागच्या जागीच राहतो.

फोन गाणे आकड्यांच्या रूपात बाहेर पाठवतो. कन्व्हर्टरमधली चिप त्या आकड्यांच्या विद्युतलहरी बनवते आणि छोटासा अ‍ॅम्प्लिफायर त्या इयरफोनपर्यंत पोहोचवतो. (अशा चिप बनवणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ सालीच बेंगळुरूत आपले केंद्र काढले होते. तेव्हा या शहराला हा विषय काही नवा नाही!) या कामाला लागणारी वीज फोन किंवा लॅपटॉपच पुरवतो. त्या विजेत गडबड असली, की ती कानात ऐकू येऊ शकते.

चार्जर काढून पाहा

म्हणून पहिली परीक्षा अगदी सोपी, बिनखर्चाची. चार्जर काढा आणि ऐका. घरघर थांबली, तर कन्व्हर्टर निर्दोष आहे, दोष विजेच्या वाटेवर आहे. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तने घेणारी. दोन पिनांच्या चार्जरमधून तिचा अगदी अल्प अंश पुढे झिरपतो. चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, त्याचे कारण बहुधा हेच. अशा वेळी दुसरा, चांगल्या कंपनीचा चार्जर लावून पाहावा. मीटिंग तासाभराचीच असेल, तर तेवढा वेळ बॅटरीवर काम करणे सर्वांत सोपे.

कन्व्हर्टरमधून वायर काढून घरातल्या मोठ्या स्पीकरला जोडली असेल, तर घरघरीचे कारण वेगळे असू शकते. लॅपटॉप आणि स्पीकर दोन निरनिराळ्या सॉकेटवर असले, की दोघांच्या अर्थिंगमधून वीज गोल फिरू लागते. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहा. तरीही भागले नाही, तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी मिळते, ती ऑडिओच्या वायरमध्ये बसवता येते. काही ‘जाणकार’ मात्र प्लगची अर्थिंगची जाड पिनच काढून टाकायला सांगतात. तसे कधीही करू नका! घरघर जाईलही, पण यंत्रात बिघाड झाल्यास शॉकपासून वाचवणारी तीच पिन असते.

चार्जर काढूनही सतत बारीक ‘स्स्’ ऐकू येत असेल आणि आवाज कमी-जास्त केल्याने त्यात फरक पडत नसेल, तर ती कन्व्हर्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची कुजबुज. ती नाजूक, फार संवेदनशील इयरफोनमध्येच जास्त जाणवते. गाणे सुरू होताना होणारा ‘टक्’ असा आवाज तर निरुपद्रवी, कन्व्हर्टर झोपेतून जागा होत असतो.

गायिका कुठे गेली?

एक गंमतीदार बिघाड सांगायलाच हवा. तबला, पेटी स्वच्छ ऐकू येते, पण गाणाऱ्या बाईंचा आवाज दूर विहिरीतून आल्यासारखा! इथे इयरफोनची पिन पूर्ण आत गेलेली नसते. दोन्ही कानांची सामाईक तार सुटली, की दोन्हीकडे सारखा असलेला आवाज, म्हणजे नेमका गायकाचा, एकमेकांना मारून टाकतो. पिन ‘टक्’ होईपर्यंत दाबली, की बाई परत येतात. यूएसबीची बाजू सैल बसत असेल, तर फोनचे जाड कव्हर काढून पाहा. भोकात पर्स-खिशातला कापूस साचला असल्यास फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा. टाचणी नको.

आवाज मोठा का होत नाही?

कित्येक कन्व्हर्टरमध्ये फोनच्या आवाजाखेरीज स्वतःचाही एक आवाज-नियंत्रक असतो, तो दिसत नाही. अ‍ॅपलचा टाइप-सी कन्व्हर्टर याचे ठळक उदाहरण. आयफोनला लावला तर पूर्ण आवाज देतो, पण पुष्कळ अ‍ॅन्ड्रॉइड फोन त्याचा आतला नियंत्रक पूर्ण उघडतच नाहीत. फोनची पट्टी शंभरावर नेली तरी गाणे मिणमिणते. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो या विकतच्या अ‍ॅपमधून तो नियंत्रक वाढवता येतो, पण माझ्या मते अ‍ॅन्ड्रॉइड फोनसाठी दुसरा कन्व्हर्टर घेणेच बरे. आणि हो, युरोपात विकल्या जाणाऱ्या याच कन्व्हर्टरची ताकद मुद्दाम निम्मी ठेवलेली असते. जर्मनीहून भाच्याने प्रेमाने आणलेली भेट हळू बोलत असेल, तर भाच्याला दोष देऊ नका.

लॅपटॉपवर मीटिंग सुरू होताच बाकीचे आवाज एकदम बसतात, ती विंडोजची करामत. साउंडच्या सेटिंगमध्ये ‘कम्युनिकेशन्स’ या भागात जाऊन ‘काही करू नये’ हा पर्याय निवडा. आणि ३०० ओहमचे मोठे स्टुडिओ हेडफोन असतील, तर स्वस्तातला कन्व्हर्टर त्यांना पुरा पडणारच नाही.

एवढे करून आवाज वाढला, की आणखी एक हिशेब पाहावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार मोठ्यांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. दर ३ डेसिबल वाढले, की वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ डेसिबलला फक्त २० तास. रहदारीच्या गोंगाटात आवाज चढवण्याऐवजी इयरफोनची रबरी टोपी कानात घट्ट बसेल अशा मापाची घ्यावी.

इतके पाहूनही नवा कन्व्हर्टर घ्यायचाच असेल, तर टाऊन हॉलजवळच्या एसपी रोडवर जाताना आपला फोन, आपला इयरफोन आणि घरचा चार्जरही बरोबर न्या. आपला फोन इयरफोनपर्यंत थेट ध्वनिलहरी पाठवत नसेल, तर बिनचिपच्या स्वस्त तुकड्यातून काहीच ऐकू येत नाही, म्हणून आत चिप आहे ना, हे दुकानदाराला आधी विचारा. मग चार्जर लावून, आवाज अर्ध्यावर ठेवून, गाणे न लावताच थोडा वेळ ऐका.