बैलाची अश्वशक्ती आणि इतर हिशेब



पारावर चार मंडळी जमली की त्यांत एखादा तरी हिशेबी असतोच. ट्रॅक्टर ३५ हॉर्सपॉवरचा, म्हणजे पस्तीस घोडे. मग त्याचे बैल किती झाले, असा विषय निघाला की तो लगेच काडीने मातीत आकडे मांडतो. या अंकात आम्हीही तेच करणार आहोत. हिशेब हसण्याजोगे आहेत, पण शेवटी ते आपल्या उसाच्या गाडीपर्यंत येतात, म्हणून त्यांना जागा दिली आहे.

आधी घोडा पाहू. जेम्स वॅट याला अठराव्या शतकात वाफेची इंजिने विकायची होती. गिऱ्हाईक विचारी, "तुझं इंजिन माझे किती घोडे वाचवील?" म्हणून त्याने एका घोड्याचे काम ठरवून टाकले : एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे. आपल्या मापात सांगायचे तर साधारण ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर नेणे. हीच अश्वशक्ती. आपल्या मोटारपंपाच्या पाटीवर आजही तोच घोडा बसलेला आहे.

आता बैल घ्या. जोडीचे वजन ८०० किलो धरू. दिवसभर दमाने काम करायचे तर जनावर आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका जोर लावते, म्हणजे जोडीचा जोर ८० किलो. चाल तासाला तीन किलोमीटर. गुणाकार-भागाकार केला की जोडीची शक्ती एका घोड्याला थोडी कमी भरते, पाऊण ते एकच्या मधे. तेव्हा ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला चाळीस जोड्या, म्हणजे ऐंशी बैल झाले.

ते ऐंशी बैल एका मागे एक असे एकाच नांगराला जुंपा. एका जोडीला चार मीटर जागा धरली तर रांग १६० मीटर लांब होते. चौरस एकराची बाजू सुमारे ६४ मीटर. म्हणजे सोळा जोड्या आपल्या वावरात आणि चोवीस जोड्या बांधापलीकडे शेजाऱ्याच्या कपाशीत! "अन् वळवाचं कसं, बावा?" असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर या गणितात नाही.

गंमत अशी की यात बेरीज-गुणाकार कुठेही चुकलेला नाही. खोड आहे ती 'समजा' या शब्दात. पदार्थविज्ञानवाल्यांची एक जुनी थट्टा आहे. दूध कमी का झाले म्हणून शेतकरी एका शास्त्रज्ञाकडे गेला. शास्त्रज्ञाने आठ दिवस कागद काळे केले आणि म्हणाला, "उत्तर सापडलं. मात्र प्रथम असं समजा, की गाय चेंडूसारखी गोल आहे." आपल्या ऐंशी बैलांतही 'समजा की शेताला बांधच नाही' हे आपण गुपचूप धरूनच चाललो होतो.

असले हिशेब काही आजचे नाहीत. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० सालची. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात या घराण्याची हकिकत कोरलेली आहे, तेव्हा हे गणित आपल्या मुलखातलेच म्हणायचे. त्यात व्यस्त त्रैराशिकाचे उदाहरण आहे : दुसऱ्या वर्षी जुवाखाली असलेल्या बैलाला चार निष्क पडतात, तर सहाव्या वर्षी असलेल्याला किती? दोन गुणिले चार आठ, भागिले सहा. उत्तर एक पूर्णांक एक तृतीयांश निष्क. जितकी वर्षे जास्त तितकी किंमत कमी. आचार्यांना रीत शिकवायची होती, बैल विकायचा नव्हता. पण हीच रीत बाजारात नेऊन पाहा. एकच वर्ष जुंपलेल्याची किंमत आठ निष्क, एकच महिना जुंपलेल्याची शहाण्णव. काल जुंपलेला गोऱ्हा २,९२० निष्कांना जाईल, आणि ज्याच्या मानेवर अजून जू चढलेच नाही त्याची किंमत आठ भागिले शून्य! शून्याने भागलेल्या राशीला आचार्यांनी 'खहर' म्हटले आहे आणि तिला अनंत मानले आहे. एवढे पैसे कोणत्याही व्यापाऱ्याकडे निघायचे नाहीत.

बाजारात बैल घेणारा आधी तोंड उघडून खालचे दात पाहतो, वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच. अदंत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळला. भाव आधी चढतो, कारण जनावर शिकते आणि भरते; उतरतो तो नंतर. चढून उतरणारी ही किंमत एका त्रैराशिकात बसत नाही.

गॅसचे गणित तर फारच चालते. गाईबैल रवंथ करताना मिथेन वायू सोडतात, आणि तो बहुतांशी मागून नव्हे, तोंडावाटे ढेकरांतून जातो. हवामानाच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००६ साली आपल्या भागातल्या दुभत्या सोडून इतर गाईबैलांसाठी वर्षाला २७ किलो हा आकडा धरला होता. उष्णतेच्या हिशेबाने हे घरगुती गॅसचे सुमारे दोन सिलिंडर झाले. म्हणजे बैलाच्या तोंडाला नळी बसवली की झाली चूल सुरू! नळी बसवणाऱ्याचा दवाखान्याचा खर्च वेगळा.

हे आपण हसून सोडतो. पण शेणाचा हिशेब हसून सुटत नाही, कारण त्यावर खड्डा खणला जातो आणि कर्ज निघते. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. जनावरामागे १० किलो धरले की पाच जनावरे पुरतात असे कागदावर येते. ती पाचही जनावरे दिवसभर गोठ्यातच उभी आहेत, हे त्यात कुठे लिहिलेले नसते. गाडीला जाणाऱ्या जोडीचे निम्मे शेण रस्त्यावर पडते. तेव्हा संयंत्राचा विचार असेल त्याने आठ दिवस गोठ्यातले शेण टोपलीने मोजावे आणि मगच घनमीटर ठरवावेत.

आता गाडी. आपल्या शेगावच्या बाजूला कपाशी-सोयाबीनचाच जोर असला तरी उसाची असो की सरकीची, गाडी ओढणारी मान तीच. गाडीसह एकूण वजन अडीच टन धरा. टायरची गाडी सपाट डांबरी रस्त्यावर ओढायला वजनाच्या तीनेक टक्के जोर लागतो, म्हणजे ७५ किलो. जोडीचा दमाचा जोर ८०. "पाहा, आरामात जाते!" असे म्हणणारे हाच हिशेब करून मोळ्या चढवतात.

पण वावरातून निघताना काळ्या मऊ मातीत तीन टक्क्यांचे दहा टक्के सहज होतात, म्हणजे २५० किलो. पुढे वीस फुटांत एक फूट चढणारा नाला-उतार आला तर वजनाचा विसावा हिस्सा, १२५ किलो, वाढतो. डांबरी असूनही एकूण २०० किलो. हा जोर दमाच्या अडीच पट आहे. बैल तो लावतोही, मुकं जनावर नाही कसं म्हणेल. पण थोडा वेळच. तेवढ्यात गाडी अडली की मग पुराणी, शेपूट आणि खांदा सोलणे. वजनकाट्याच्या पावतीवर फक्त टन येतात, चढ येत नाही. म्हणून भराई ठरवावी ती वाटेतल्या सर्वांत वाईट शंभर पावलांवरून.

वेळेचेही तसेच. शेगाव ते खामगाव सुमारे १६ किलोमीटर. तीनच्या चालीने सव्वापाच तास झाले. ओढकाम करणाऱ्या जनावरांबाबतचे १९६५ चे केंद्रीय नियम सांगतात की विश्रांतीशिवाय पाच तासांपेक्षा जास्त आणि दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त जुंपू नये. ३७ अंशांवर ऊन गेले तर दुपारी १२ ते ३ मुळीच नाही. आपल्याकडे हंगाम मार्चात गेला की ते तीन तास बुडालेच समजा. हा 'समजा' मात्र खरा आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांद शेकतो. वर्षभर त्या खांद्यावर काय आले याची नोंद कुठे होत नाही, म्हणून तोडणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपली वाट एकदा पायी पाहून ठेवावी आणि चढाची जागा गाडीवानास सांगावी. त्या चढाच्या पायथ्याशी दुसरी जोडी पुढे जुंपली तर दमाचा जोर १६० किलो होतो. वरचे ४० किलो दोन्ही जोड्या मिळून थोडा वेळ सहज काढतात. माथ्यावर गेल्यावर तीच जोडी सोडून मागच्या गाडीला आणावी. पाच-सहा गाड्या एकत्र निघाल्या तर वेगळी जोडी आणण्याचेही काम नाही.