शस्त्रक्रियागृहाची हवा

बीडच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. घरी कूलरवर भागतं. पण अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृहाला नुसता गारवा पुरत नाही. तिथे एअर हँडलर लागतो.

हा पत्र्याचा पेटारा स्वतः थंडी तयार करत नाही, ते काम चिलरचं. चिलरचं गार पाणी याच्या नळ्यांतून फिरतं आणि पंखा त्यांच्यावरून हवा ओढतो. हवा निवते, तिच्यातली वाफ नळ्यांवर थेंब होऊन ठिबकते.

खरी करामत गाळण्यांची. जाड गाळणी धूळ अडवते. शेवटची हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण रोखते. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या सूचनांनुसार शस्त्रक्रियागृहातली हवा तासाला किमान २० वेळा बदलावी, त्यातली ४ वेळा बाहेरच्या ताज्या हवेने. आतला दाबही बाहेरपेक्षा किमान २.५ पास्कलने जास्त असावा, म्हणजे व्हरांड्यातली धूळ आत शिरत नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा घोळवतो, म्हणून त्याला तिथे मज्जाव. तरीही उद्घाटनाच्या फोटोत मिरवतो तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा चकचकीत दिवा. गच्चीवरच्या पेटाऱ्याची गाळणी कधी बदलली, हे कोणी विचारत नाही.