समुद्र नको असलेलं ठाणं

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावं आजही रोजच्या बोलण्यात आहेत. निजामाच्या राज्यातलं, विदर्भाच्या सीमेलगतचं हे लष्करी ठाणं. इथे छावणी असलेली हैदराबाद कंटिंजंट ही फौज १९०३ साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. त्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात, आता निराळं ठाणं उभं राहायचं आहे : लायगो-इंडिया, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा.

तिचं मूळही लष्करी कामात, रडारच्या घरात, सापडतं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४३ साली रडार संशोधनासाठी घाईघाईने एक लाकडी इमारत बांधली गेली. युद्धानंतर पाडायची ठरलेली ही ‘इमारत क्रमांक २०’ १९९८ पर्यंत टिकली. तिथेच भौतिकशास्त्रज्ञ रायनर वाइस यांनी गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्राचा छोटा नमुना उभारला. २०१७ च्या नोबेलचे ते एक मानकरी.

रडार लहर सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट पाहतं. लायगोचं यंत्र आकाशात काहीच सोडत नाही. लेसरचा झोत दुभागून काटकोनातल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांत पाठवायचा आणि टोकाच्या आरशांवरून परतल्यावर पुन्हा एकत्र आणायचा. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा ताणली जाते, दुसरी आखडते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो केंद्रांना पहिली लहर सापडली, तेव्हा भुजांच्या लांबीतला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता.

एवढ्या नाजूक यंत्राला समुद्र सोसत नाही. लाटांमुळे उठणारी जमिनीची थरथर दूरवर पोचते. किनारी रडारला जी जागा हवी, नेमकी तीच इथे नको. मराठवाड्याचा आतला मुलूख हवा. अर्थात ही जमीनही अगदी निश्चल नाही. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. बांधकामाला तो हिशेब धरावाच लागेल.

मग भारतात तिसरं लायगो कशाला? दिशेसाठी. दुसऱ्या महायुद्धाआधीच ब्रिटनने किनाऱ्यावर ‘चेन होम’ ही रडारांची साखळीच उभारली होती. इथेही एकट्यादुकट्या केंद्राचं भागत नाही. २०१५ ची लहर अमेरिकेतल्या दोन केंद्रांपैकी लुईझियानातल्या केंद्राला आधी आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डच्या केंद्राला पोचली. दोनच केंद्रं असल्याने उगमाची जागा सुमारे ६०० चौरस अंशांच्या पट्ट्यात कुठेतरी, एवढंच कळलं. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीतलं व्हर्गो हे केंद्रही जोडीला होतं. तेव्हा दुसऱ्या एका लहरीचा पट्टा २८ चौरस अंशांवर आला आणि दुर्बिणींनी काही तासांतच उगमाची दीर्घिका शोधली. अमेरिका-युरोपपासून इतक्या दूरच्या हिंगोलीचं मोल इथे आहे.

केंद्र सरकारची तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ ची. २,६०० कोटींची मंजुरी एप्रिल २०२३ ची. पायाभरणी ११ मे २०२३ ची. कागदावर सात वर्षं गेली, आता तरी वेळ दवडू नये. पुण्याची आयुका, इंदूर आणि गांधीनगरच्या संस्था या कामात आहेतच. हिंगोली, परभणी, नांदेडच्या महाविद्यालयांनीही आपली मुलं आतापासून या कामासाठी तयार करावीत.