हिरड्यांचा रोग : वय, आहार व स्वच्छता

‘वय झाले की दात हलावयाचेच’ हा समज खरा नव्हे. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हेराल्ड लो व सहकाऱ्यांच्या प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींनी दात घासणे थांबविले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू होताच सुमारे आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या. तात्पर्य, मूळ कारण दातांवर साचणारा जंतूंचा थर होय. वयाबरोबर दुर्लक्षाचे परिणाम साचतात. दाताभोवतीचे झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. आवळा, पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्व हिरड्यांस आवश्यक आहे; तथापि ते घासण्यास पर्याय नव्हे. मिश्री तंबाखूचीच असल्याने वर्ज्य करावी. रक्त येते म्हणून घासणे सोडू नये. मऊ ब्रशाने हिरडीच्या कडेपर्यंत घासावे, रक्त थांबत नसल्यास दंतवैद्यास दाखवावे. शिक्षकांनी हे मुलांस व पालकांस अवश्य समजावून द्यावे.